जीपीए २.३ आहे, मग मदत का थांबली?

प्रश्न विचारणारे वडील न्यू जर्सीत राहतात. घरात सगळ्यांकडे ग्रीन कार्ड आहे. मुलीचं राज्याच्या विद्यापीठातलं दुसरं वर्ष मे महिन्यात संपलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिला फायनान्शिअल एड ऑफिसची ईमेल आली: 'सॅटिस्फॅक्टरी अकॅडेमिक प्रोग्रेस' (अभ्यासात समाधानकारक प्रगती) नाही, त्यामुळे पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं केंद्र सरकारचं अनुदान), फेडरल लोन (केंद्र सरकारचं कर्ज), वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळणारी मदत) सगळं स्थगित. फेब्रुवारीत साताऱ्याला आजीला पक्षाघाताचा झटका आला होता. मुलगी आईबरोबर गेली, पाच आठवडे राहिली, मार्चमध्ये आजी गेल्या. वडिलांचे प्रश्न तीन आहेत. किमान जीपीए (४ पैकी मोजलेली ग्रेडची सरासरी) २.० लागतो, तिचा २.३ आहे, मग मदत का थांबली? एक सेमिस्टर घरी बसली तर हे निवळेल का? आणि अपिलात काय लिहायचं? त्यांनी चारही सेमिस्टरचे आकडे दिले आहेत, हे फार बरं केलं.

मी न्यू जर्सीतल्याच एका सरकारी कॉलेजच्या फायनान्शिअल एड ऑफिसात बावीस वर्षं काम केलं. शेवटची नऊ वर्षं अपील कमिटीवर होते. अशा शेकडो फायली हातांखालून गेल्या आहेत, म्हणून आधी एक सांगते: तुमच्या मुलीची फाइल वाईट नाही. खरंच नाही. पण ती वाचवायला येत्या तीन-चार आठवड्यांतच हालचाल करायला हवी.

पहिला प्रश्न. 'सॅटिस्फॅक्टरी अकॅडेमिक प्रोग्रेस'च्या नियमाला ऑफिसमध्ये आम्ही नुसतं 'सॅप' म्हणतो. त्यात तीन मोजमापं असतात आणि तिन्हीत एकाच वेळी बसावं लागतं. पहिलं जीपीएचं. दुसरं पेसचं, म्हणजे आजवर जेवढी क्रेडिट्स (प्रत्येक विषयाला ठरलेली अभ्यासाची एककं) घेतली त्यांतली किती टक्के पदरात पडली. तिसरं कमाल मुदतीचं. डिग्री १२० क्रेडिट्सची असेल तर तिच्या दीडपट, म्हणजे १८० क्रेडिट्स घेण्याच्या आत ती पूर्ण व्हायला हवी. पेस किमान ६७ टक्के लागतो, तो आकडा याच दीडपटीतून येतो. १८० घेऊन १२० मिळवायची तर दर तीन क्रेडिट्समागे दोन पदरात पडायलाच हवीत. जीपीएची अट आपल्या लोकांना पटकन कळते, कारण ती टक्केवारीसारखी वाटते. पेसची अट कुणी नीट समजावूनच सांगत नाही आणि मुलं घसरतात ती बहुतेक तिथेच.

आता तुमचे आकडे मांडू. पहिलं सेमिस्टर: १५ क्रेडिट्स घेतली, १५ मिळाली. दुसरं: १६ घेतली, कॅल्क्युलसची ४ गेली, १२ मिळाली. तिसरं, म्हणजे मागचा फॉल (ऑगस्ट-सप्टेंबर ते डिसेंबरचं सेमिस्टर): १५ घेतली, दोन विषय मध्येच सोडले, ९ मिळाली. चौथं, साताऱ्याचं: १५ घेतली, दोन विषय सोडले, दोनांत नापास, ३ मिळाली. बेरीज घेतलेल्यांची ६१, मिळवलेल्यांची ३९. ३९ भागिले ६१ म्हणजे ६३.९ टक्के. ६७च्या खाली. एवढंच घडलं आहे.

मध्येच सोडलेल्या विषयाला ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, 'डब्ल्यू' लागतो. जीपीएत तो धरत नाहीत, म्हणून मुलं आणि बऱ्याचदा सल्लागारसुद्धा म्हणतात, "डब्ल्यू घे, नुकसान काही नाही." पेसमध्ये मात्र डब्ल्यू आणि एफ (नापासाची ग्रेड) यांचं वजन सारखंच: क्रेडिट घेतलं, मिळालं नाही. सेमिस्टरच्या सुरुवातीला अॅड-ड्रॉपची, म्हणजे विषय बदलण्याची, जी मुदत असते तिच्या आत सोडलेला विषय मोजत नाहीत. त्यानंतर सोडलेला प्रत्येक विषय मोजतात. तुमच्या मुलीच्या चार डब्ल्यूंची मिळून १२ क्रेडिट्स आहेत. जीपीए सुरक्षित राहिला आणि पेस बुडाला, तो या बारांमुळे.

याच कारणाने आणखी एक धावपळ वाचवा. अशा वेळी पालक डीनकडे जाऊन दोन एफ बदलून डब्ल्यू करून मागतात. तसं झालं तर जीपीए सुधारेल, पण पेस होता तिथेच राहील. डीनच्या ऑफिसला जायचंच असेल तर वेगळी विनंती करा. ज्या विषयाचं बरंचसं काम झालं होतं आणि फक्त शेवटची परीक्षा किंवा प्रोजेक्ट राहिला, तिथे एफऐवजी 'इन्कम्प्लीट' देऊन काम पुरं करू देतील का, हे त्या प्राध्यापकांना विचारा. इन्कम्प्लीटही तोवर न मिळालेलं क्रेडिटच धरतात, पण पुढे ग्रेड लागली की ते मिळालेल्यांत जातं. सेमिस्टर संपल्यावर असं करायला सगळे प्राध्यापक तयार होत नाहीत. तरी मुलीने दोघांनाही एकेक नम्र ईमेल लिहावी.

तुमचा आणखी एक आक्षेप होता, की आधी इशारा द्यायला नको होता का. जी कॉलेजं दर सेमिस्टरच्या शेवटी तपासणी करतात त्यांना 'वॉर्निंग' देता येते. तेव्हा एक सेमिस्टर मदत चालू राहते, अपील लागत नाही. वर्षातून एकदाच तपासणाऱ्या कॉलेजात वॉर्निंगची पायरीच नसते. १ जुलै २०११ पासून फेडरल नियम असाच आहे. तुमच्या मुलीचं कॉलेज वर्षाकाठी, मे संपल्यावर तपासतं. पहिल्या वर्षाअखेर तिची ३१ पैकी २७ होती, म्हणजे ८७ टक्के, म्हणून कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षाअखेर एकदम स्थगिती आली. मुलांच्या दृष्टीने हे कठोर आहे आणि मला ते कधीच आवडलं नाही. पण कॉलेजने नियम मोडलेला नाही, तेव्हा त्या मुद्द्यावर भांडण्यात वेळ घालवू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. घरी बसून काहीही निवळत नाही. ६१ आणि ३९ हे आकडे वर्षभराने परत आलात तरी तेच असतात. अॅकॅडेमिक सस्पेन्शनमध्ये एखादं सेमिस्टर बाहेर काढून परत घेतात, त्यावरून हा गैरसमज पसरला आहे. तो विभाग वेगळा. स्वतःच्या खिशातून एक सेमिस्टर भरलं की मदत आपोआप सुरू होते, हेही तितकंच चुकीचं. पैसे कुणी भरले याला सॅपमध्ये किंमत नाही. मदत न घेता केलेली सेमिस्टर्ससुद्धा हिशेबात येतात. आकडे पुन्हा ६७च्या वर जायला हवेत, तरच दार उघडतं.

आणि इथेच तुमच्याकडे एक वाट आहे जी त्या ईमेलमध्ये लिहिलेली नसणार. मुलीने याच उन्हाळ्यात ६ क्रेडिट्स घेतली आणि दोन्ही विषयांत पास झाली, तर हिशेब ६७ पैकी ४५ होतो. ६७.१६ टक्के. जेमतेम, पण वर. कॅल्क्युलस पुन्हा घेतलं आणि बरोबर ३ क्रेडिट्सचा एक विषय, तर ६८ पैकी ४६, म्हणजे ६७.६. मग तिने ऑफिसला फेरतपासणीची विनंती करायची. फॉलची मदत अपिलाशिवाय सुरू होऊ शकते. विद्यापीठातले उन्हाळी विषय महाग पडत असतील तर जवळच्या काउंटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) घ्या. विद्यापीठाने स्वीकारलेली ट्रान्सफर क्रेडिट्स घेतलेल्यांतही धरतात आणि मिळवलेल्यांतही, त्यामुळे पेसला तेवढाच हात मिळतो. जीपीएत त्यांची ग्रेड साधारणपणे येत नाही, पण तुम्हाला जीपीएची चिंताच नाही. मात्र विषय घेण्याआधी विद्यापीठाकडून तो चालेल अशी लेखी मंजुरी घ्या, ट्रान्सक्रिप्ट ऑगस्टमध्ये वेळेत पोहोचेल हे बघा आणि बहुतेक ठिकाणी ट्रान्सफरला किमान सी लागतो हे मुलीला सांगून ठेवा. आधी नापास झालेला विषय बाहेरून केला तर चालतो का, याचा नियम प्रत्येक विद्यापीठाचा निराळा. कॅल्क्युलसच्या बाबतीत हे खास विचारा.

उन्हाळ्यात अभ्यास करण्याची तिची मनःस्थिती आहे का, हे मात्र आधी बघा. आजी जाऊन तीन महिने झाले आहेत. सेमिस्टरभराचा विषय काही आठवड्यांत रेटताना ती पुन्हा कोलमडली तर ६७ पैकी ३९ होतील, म्हणजे ५८ टक्के, आणि मग अपिलात मांडायला तुमच्याकडे जे चांगलं होतं तेही जाईल. तिला जमेल असं तिला स्वतःला वाटत असेल, तरच हा रस्ता धरा. आणि धरला तरी अपीलही समांतर भराच.

आता अपील. आधी एक गोंधळ निस्तरू, कारण चुकीच्या खिडकीवर उभं राहून लोक महिने घालवतात. वडिलांची नोकरी गेली, उत्पन्न घटलं, म्हणून फाफ्साचे (फेडरल मदतीसाठी भरलेल्या अर्जाचे) आकडे बदलून मागायचे तो अर्ज वेगळा. कॉलेजमधून काढून टाकल्यावर डीनकडे करायचा तोही वेगळा. तुम्हाला हवं ते सॅप अपील, आणि त्याचा फॉर्म फायनान्शिअल एडच्या पोर्टलवर असतो. अपिलाची सोय ठेवायची की नाही हे कॉलेजवर असतं, बहुतेक कॉलेजं ठेवतात. त्यांचा निर्णय अंतिम. वॉशिंग्टनच्या शिक्षण खात्याकडे त्यावर दाद मागता येत नाही.

फेडरल नियमात अपिलाची कारणं अशी आहेत: नातेवाइकाचा मृत्यू, विद्यार्थ्याचं स्वतःचं आजारपण किंवा इजा, किंवा इतर विशेष परिस्थिती. शब्द 'नातेवाईक' असा आहे, तेव्हा "आजी म्हणजे जवळचं कुटुंब नव्हे, चालेल का" ही भीती काढून टाका. चालते. पुरावे जोडा. महाराष्ट्रातल्या नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला बहुधा मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतो, तोच पुरतो. हॉस्पिटलचे कागद, मुलीचं विमानाचं तिकीट, पासपोर्टवरचे जाण्यायेण्याचे शिक्के. दाखल्यावर आजीचं नाव आणि फॉर्मवर मुलीचं आडनाव जुळत नसेल (आईची आई असेल तर जुळणारच नाही), तर नातं एका ओळीत स्पष्ट लिहा. कमिटीतल्या माणसाला मराठी आडनावांचा उलगडा होत नाही.

पत्रात दोन गोष्टी असायलाच हव्यात, आणि त्या नियमातच लिहिल्या आहेत: प्रगती का थांबली, आणि आता काय बदललं आहे ज्यामुळे पुढच्या तपासणीत ती दिसेल. पहिली गोष्ट सगळेच लिहितात, भरभरून लिहितात. दुसरी निम्म्या पत्रांत नसते. मला एका मुलाचं पत्र अजून आठवतं. वडिलांच्या शेवटच्या दिवसांवर दोन पानं, वाचताना मी थांबले होते. पण पुढे काय करणार यावर शेवटचं एकच वाक्य होतं, मी खूप मेहनत करेन. आम्हाला ते अपील परत पाठवावं लागलं. तो सल्लागाराकडे जाऊन आला, विषय ठरवून आला, नोकरीचे तास कमी केल्याचं मालकाचं पत्र घेऊन आला, आणि दुसऱ्या फेरीत पाच मिनिटांत मंजूर झालं. दुःख मोजायला आम्ही बसलेलोच नसतो. पुढच्या सेमिस्टरला हा मुलगा पास होईल यावर विश्वास बसेल असं काहीतरी हातात हवं असतं.

तुमच्या मुलीच्या फाइलमध्ये कमिटी कुठे बोट ठेवेल, ते सांगते. आजीचं आजारपण फेब्रुवारीतलं. पण दोन डब्ल्यू आहेत ते त्याआधीच्या फॉलमधले. आणि कॅल्क्युलसचा एफ त्याच्याही आधीचा. साताऱ्याचा दाखला चौथं सेमिस्टर पूर्ण समजावतो, तिसरं समजावत नाही. तुमच्या प्रश्नात फॉलबद्दल एक शब्दही नाही. कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. मुलीला शांतपणे विचारा. रागावून नाही, आणि मधे उत्तर न देता. त्या दोन विषयांत काय झालं? मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, तिने निवडलं होतं की घरात ठरलं होतं? झोप लागते का? माझ्या अनुभवात अशा जागी बहुधा तीनपैकी एक गोष्ट निघते: विषय झेपत नव्हता आणि सांगायची लाज वाटली, नोकरीचे तास फार होते, किंवा मन आजारी होतं. तिन्ही सांगण्यासारख्या गोष्टी आहेत. तिसरी असेल तर कॉलेजच्या समुपदेशन केंद्राची भेट आत्ताच ठरवा, अपिलासाठी नव्हे, तिच्यासाठी. तिथलं पत्र पुढे पुरावा म्हणून चालतं, हा वेगळा भाग.

पत्र तिनेच लिहावं. वडिलांनी लिहिलेलं पत्र दुसऱ्या ओळीत ओळखू येतं. त्यात "आम्ही कर भरणारं कुटुंब आहोत" असं असतं, प्राध्यापकांबद्दल तक्रार असते, आणि मुलगी कुठेच नसते. एक पान पुरे. तारखा द्या: कोणत्या दिवशी गेली, कोणत्या दिवशी परत आली, तेव्हा कोणत्या विषयांच्या परीक्षा झाल्या. मग योजना. फॉलमध्ये कोणते विषय, किती क्रेडिट्स, कॅल्क्युलस पुन्हा घेणार असेल तर शिकवणी केंद्रात आठवड्यातून किती वेळा. सल्लागाराची सही घेतलेला कागद जोडा.

क्रेडिट्स किती घ्यायची हा हिशेब नीट करायला हवा. आपली मुलं झालेलं नुकसान भरून काढायचं म्हणून १७-१८ घेतात, आणि तिथेच फसतात. फॉलमध्ये १२ घेऊन १२ मिळाली तर ७३ पैकी ५१, म्हणजे ६९.९ टक्के, प्रश्न सुटला. ९ घेऊन ९ मिळाली तरी ७० पैकी ४८, ६८.६, तरीही सुटला. पण १५ घेऊन ९च मिळाली तर ७६ पैकी ४८, म्हणजे ६३.२, आतापेक्षाही खाली. केवळ पेस पाहिला तर ९ सर्वांत सुरक्षित. पण ९ क्रेडिट्सना पेल ग्रँट त्या प्रमाणात कमी होते, आणि न्यू जर्सीची राज्याची ट्यूशन एड ग्रँट चार वर्षांच्या विद्यापीठात पूर्णवेळ, म्हणजे किमान १२ क्रेडिट्स, मागते. तुमच्या मुलीला तीही मिळत असेल तर माझा सल्ला १२चा: दोन विषय जे तिला नक्की येतात, एक कॅल्क्युलस, आणि उरलेला हलका. एक गोष्ट तिला पाठ करून ठेवू दे. नापास झालेला विषय पुन्हा घेतला की मदत लागू होते, पण पास झालेला विषय ग्रेड सुधारायला मदतीवर एकदाच पुन्हा घेता येतो. आणि पुन्हा घेतलेल्या विषयाची ग्रेड जुन्या ग्रेडच्या जागी बसली तरी पेसमध्ये दोन्ही खेपा मोजतात.

अपील मंजूर झालं की ती 'प्रोबेशन'वर येईल. शब्द भीतिदायक आहे, अर्थ साधा आहे: एक सेमिस्टर मदत चालू, शेवटी पुन्हा तपासणी. एका सेमिस्टरमध्ये आकडे सुधारणं शक्यच नसेल तर कॉलेज दोन-तीन सेमिस्टरचा 'अॅकॅडेमिक प्लॅन' आखून देतं आणि त्याप्रमाणे चाललं की मदत टिकते. तुमच्या मुलीला त्याची गरज दिसत नाही. कमाल मुदतीचीही चिंता नको: तिला अजून ८१ क्रेडिट्स हवीत, ६१ झाली आहेत, मिळून १४२, आणि मर्यादा १८०ची. पेल ग्रँट मात्र आयुष्यभरात पूर्णवेळच्या १२ सेमिस्टरपुरतीच असते. चार वापरून झाली आहेत, हे ध्यानात असू द्या.

अपील नामंजूर झालं तर? काउंटी कॉलेजात एक सेमिस्टर स्वखर्चाने करून पेस वर आणायचा. किंवा तिकडेच प्रवेश बदलायचा. सॅप प्रत्येक कॉलेज आपल्या धोरणाने मोजतं आणि नवं कॉलेज जुन्यांपैकी स्वीकारलेलीच क्रेडिट्स हिशेबात घेतं, त्यामुळे तिथे तिची पाटी बरीच कोरी असेल. पण काही क्रेडिट्स वाटेत गळतात आणि राज्याच्या विद्यापीठातली जागा जाते. मी असेन तर हा शेवटचा पर्याय ठेवेन.

ज्यांची मुलं एच-४ (आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहेत अशा घरांसाठी दोन ओळी. त्यांना फेडरल मदत मिळतच नाही, म्हणून हा हिशेब त्यांना तसाच्या तसा लागू नाही. पण कॉलेजच्या मेरिट स्कॉलरशिपला स्वतःच्या अटी असतात, बहुतेकदा जीपीए बराच वरचा आणि दर सेमिस्टरला पूर्णवेळ. एफ-१ वाल्यांनी विषय सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ऑफिसला विचारल्याशिवाय एक क्रेडिटही कमी करू नये. तिथे प्रश्न पैशांचा नसतो, व्हिसाचा असतो.

आता तुम्ही लगेच काय करायचं. मुलगी १८ वर्षांवरची आहे आणि कॉलेजात आहे, त्यामुळे तिच्या सहीशिवाय ऑफिस तुमच्याशी तिच्या फाइलबद्दल बोलणार नाही. फोन तिलाच करू द्या, तुम्ही शेजारी बसा. तिने चार प्रश्न विचारावेत: अपिलाची शेवटची तारीख कोणती, तुमचे ६७ टक्के नेमके ६७ की ६६.६७, उन्हाळ्यात पेस वर आला तर फेरतपासणी कधी करता, आणि अपील पडून असताना फॉलचं बिल थोपवता का. चौथा प्रश्न विसरू नका. निकाल येईपर्यंत कॉलेज तुम्हाला मदत नसलेलं घर समजतं, आणि ऑगस्टमध्ये बिल भरलं नाही म्हणून मुलांचे वर्गच रद्द झालेले मी पाहिले आहेत. थोपवत नसतील तर हप्त्यांच्या योजनेत नाव घालून पहिला हप्ता भरून ठेवा. काउंटी कॉलेजांचं उन्हाळ्याचं दुसरं सत्र बहुतेक ठिकाणी जुलैच्या सुरुवातीला सुरू होतं, म्हणजे मंजुरीचा फॉर्म या आठवड्यातच जायला हवा. आणि फोन लावण्याच्या आदल्या संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, फॉलच्या त्या दोन विषयांबद्दल तिच्याशी बोलून घ्या.